बाबांचा ठोका

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, नागपूरला. छातीचं हाड जुळायला वेळ लागतो, तीन महिने हातमागावर बसायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. त्यांच्यावर पहारा करायला मी सासरहून भंडाऱ्याला आले. बाबा मुलखाचे हट्टी, आणि मी त्यांचीच लेक. दिवसभर आमची जुंपायची. ते दिवस आठवले की अजून हसू येतं.

पंधरा दिवसांनी गावातल्याच डॉक्टरांकडे तपासायला गेलो. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. त्यांनी विचारलं, "काका, ठोके चुकतात का?"

विणताना फणीनं धागा ठोकून बसवतात, त्याला आम्ही ठोका म्हणतो. ठोका चुकला की कापड विरळ. बाबांना तो प्रश्न चांगलाच झोंबला.

"चाळीस वर्सं झाले, माहा ठोका कदी चुकला नाही. कोनाले बी इचारा."

त्या घटकेला नाडीही नीट लागत होती. डॉक्टर "छान" म्हणाले. बाबा मागाबद्दल बोलत होते, याचा मलाही उलगडा झाला नाही. खरं तर बाबांचा तोरा पाहून मी मनातून खूशच होते.

इकडे मागावर अर्धं लुगडं तसंच अडकलेलं. शेवटी आई बसली. जन्मभर तिनं धाग्याच्या कांड्या भरून दिल्या होत्या, पण विणणं तिच्या हाताला नवीन. बाबा खाटेवरून ऐकायचे आणि चुका काढायचे. चौथ्या दिवशी सकाळी ते वैतागून म्हणाले, "अवं, तुहा माग माह्या छातीवानी काहून चालून राहिला? दोन ठोके, मंग थांबते, मंग एकदम चार!"

माग थांबला. "छातीत असं कदीपासून होऊन राहिलं?" आईनं विचारलं.

"आठ रोज झाले. कायले?"

मिळेल त्या गाडीनं त्यांना नागपूरला नेलं. ऑपरेशननंतर असं होतं, पण अंगावर काढलं तर रक्ताची गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या सुरू केल्या. चार दिवसांनी ठोके ताळ्यावर आले. मी बाबांवर चिडले, मग दवाखान्याच्या जिन्यात बसून खूप रडले.

तीन महिने भरले आणि बाबा मागावर बसले. त्या दिवसापासून आईचा एक कान मागाकडे. चुलीपाशी असो की अंगणात, आवाज थांबला की ती ओरडायची, "अजी, काहून थांबले?"

"धागा तुटला वं."

धागा तर दिवसातून वीसदा तुटतो. वीसदा तोच प्रश्न, वीसदा तेच उत्तर. माहेरी आले की मला त्याचा वीट यायचा. "पुरे कर ना वं माय," असं मी तिला म्हणायचेही.

अकरा वर्षं हे चाललं. मग एका दुपारी माग थांबला आणि आईनं नेहमीसारखं विचारलं. उत्तर आलं नाही, म्हणून तिनं आणखी एकदा विचारलं.