कपाशीचं औषध

मोताळ्याला घरामागच्या जागेत मी गुलाब लावले, ते एका नर्सरीवाल्याच्या शब्दावर. "या कलमाले रोग लागतच नाही, ताई," तो म्हणाला होता. पहिल्याच पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडले, पानं पिवळी होऊन गळाली, काड्या तेवढ्या उरल्या. मी विचारायला गेले, तर म्हणतो, "तुमी फवारलं नसन."

"फवारा लागतेच, तं रोग लागत नाही म्हणून काऊन इकली?"

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी धुमसतच घरी आले.

पावसाळ्यानंतर झाडं कशीबशी फुटली, फुलं आली. शेजारच्या खाला रोज सकाळी पाकळ्या न्यायच्या. त्यांच्या सुनेला दिवस गेले होते, पोटात सारखी आग व्हायची, तिच्यासाठी त्या गुलकंद घालत होत्या. एके दिवशी मीच ओंजळभर पाकळ्या तोडून दिल्या. नंतर झाडापाशी वाकले, तर उग्र वास आला. शेतातला फवारणीचा पंप भिंतीला टेकवलेला होता.

नवऱ्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "काल तू बाजारात गेली होती तवा मारलं. कपाशीचं उरलं होतं."

"ते अळीचं औषध. या पानांवर बुरशी हाय. अन् सांगाले काय झालं होतं?"

"फुलं काय खाची चीज हाय?"

 मी चप्पल न घालता खालांकडे धावले. बरणीत पाकळ्या आणि साखर थरावर थर लावून झाले होते. सून चमचा हातात घेऊन बसली होती, जुन्या थरातलं चाखून पाहायला. मी चमचा ओढून घेतला. खालांनी सगळं ऐकलं आणि अख्खी बरणी मागच्या खड्ड्यात रिकामी केली.  

घरी येऊन मी सगळी कलमं उपटली. काटे हातात रुतले, रक्त आलं, तरी थांबले नाही. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीले?" मी पंप उचलला आणि फाटकाबाहेर नेऊन ठेवला.

पुढच्या पावसाळ्यात खालांनीच देऊळघाटहून, त्यांच्या माहेराहून, गावठी गुलाबाच्या काड्या आणून दिल्या. फूल लहान, फिकट गुलाबी, पण वास घरभर. मी मोकळ्या उन्हात लांब लांब लावल्या, पाणी फक्त बुडाशी घालते, गळलेलं पान लगेच उचलते. ठिपके दोन-चार पानांवर येतात, झाड मात्र हटत नाही. पंप मी फाटकाच्या आत येऊ देत नाही.

सुनेचं बाळ आता रांगतं. पाकळ्या आता मीच नेऊन देते. खाला हसून घेतात, आणि वाटीत टाकण्याआधी प्रत्येक मूठ नाकाशी नेतात. ते पाहिलं की नवऱ्यावरचा राग पुन्हा तसाच उसळतो.