घनवादी यंत्रे आणि वत्सलाबाईंचे नवे प्रकरण

वत्सलाबाईंची आणि माझी ओळख मुरबाडच्या वाचनालयात झाली. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. बाई शहापूरच्या शाळेत चित्रकला शिकवीत आणि घनवादी, म्हणजे क्युबिस्ट, चित्रकारांनी यंत्रे, कारखाने कसे रंगवले यावर पुस्तक लिहीत होत्या. त्याच विषयावर त्यांचे व्याख्यान होते. मी कारखान्यात फिटर. मित्राने ओढून नेले म्हणून गेलो.

बाईंनी एक मोठे छापील चित्र दाखवले. चाके, नळ्या, धुराडी यांचे तुकडे करून पुन्हा जोडलेले. मधे माणसे, त्यांचे हातही नळ्यांसारखे गुळगुळीत. माझ्याने राहवले नाही. "बाई, ही दोन चाकं फिरणार नाय. दाते जुळत नायत."

लोक हसले. बाईंनी मात्र मला पुढे बोलावून सगळ्यांना ते नीट समजावून सांगायला लावले. मग म्हणाल्या, "चित्रकाराला यंत्र चालवायचं नव्हतं. ते एकाच वेळी सगळ्या बाजूंनी दाखवायचं होतं." पुढे बहुतेक रविवारी मी माझ्या धसई गावाहून शहापूरला त्यांच्याकडे जाऊ लागलो.

वर्षभराने पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनमध्ये माझ्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. बाई दवाखान्यात येत. डाव्या हाताने अक्षर गिरवायला त्यांनीच शिकवले. मी बरा झाल्यावर त्यांनी पुस्तकाचे शेवटचे प्रकरण वाचून दाखवले. माणूस आणि यंत्र यांच्या सुंदर मेळाविषयी होते ते.

मी म्हणालो, "तुमच्या चित्रकाराला मशीन लय देखणं वाटलं. तो बाहेरून बघतो. आमी आत हात घालतो."

बाईंनी कागद आवरले. त्यांना वाईट वाटले असावे. त्यांचा स्वभाव तसा तापट, चूक दाखवलेली चटकन खपत नसे. पण पुढच्या रविवारी म्हणाल्या, "ते प्रकरण मी काढून टाकलं. आता तुम्ही समोर बसा, पुन्हा लिहू."

पुस्तक लांबले, प्रकाशक चिडले. बाई एकेका चित्रावर बोट ठेवून विचारीत, "इथे उभ्या माणसाला काय सांभाळावं लागत असेल?" मी सांगे, त्या लिहून घेत. प्रस्तावनेत त्यांनी माझे पूर्ण नाव आणि पुढे 'फिटर' असे छापले. माझ्या आईला वाचता येत नाही; तिने ते पान माझ्याकडून तीनदा वाचून घेतले.

बाई आज साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, हातून आणखी पुस्तके होवोत. आणि त्यांचे चुकले तर तोंडावर सांगण्याचा आमचा हक्क त्यांनी असाच राहू द्यावा.