तिघांना आलेली एकच हाक

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झालेला माणूस मी — गावात कुणाच्या अंगात आलं की सगळ्यांत आधी हसणारा! तरीही हे लिहितोय... आणि लिहितानासुद्धा अंगावर काटा आलाय.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली, त्याच्या पुढच्या वर्षीचा चैत्र. मुरबाडहून म्हसा गावाला जाताना रस्त्याकडेला आमचं शेत. तिथे बाबा, दादा आणि मी विहीर खणत होतो. दुसरा उन्हाळा, पण पाण्याचा टिपूस नाही. तळाला काळा कातळ आणि वरच्या मातीला भेगा. दादा रोज म्हणायचा, "बाबा, जागा बदलू."

"दोन उन्हाळे घातले ते फुकट? आता सोडली तं गाव हसंल. आणखी हातभर जाऊ!"

हे 'आणखी हातभर' आम्ही कितीदा ऐकलं! पण खरं सांगू? सोडवत मलाही नव्हती. जितका घाम गाळला तितकी ती विहीर जास्तच आपली वाटायची.

त्या दिवशी भर दुपारी तिघंही तळाशी होतो. अचानक वरून हाक आली — "वर या! आधी वर या!"

मी पहार टाकली, दादा शिडीला लागला. आणि कधी कुणाचं न ऐकणारे बाबा... तेही मुकाट वर आले! काठावर चिटपाखरू नाही.

"आई कुठं गेली?" मी विचारलं.

"आई कुठली? हिची हाक होती," दादा म्हणाला. हिची, म्हणजे वहिनीची.

बाबांचा चेहरा पांढरा पडला. "गप रे... माझा बापूस होता तो."

आजोबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती!

तेवढ्यात धडाड्! विहिरीची एक बाजूच कोसळली. तळाशी आम्ही उभे होतो तिथे मातीचा डोंगर! धूळ बसली, आणि त्या भगदाडातून — पाणी! आधी गढूळ, मग धो धो! मी रडत होतो की हसत होतो, देव जाणे.

बाबा ओरडले, "सांगत नव्हतो? जागा बरोबरच होती!"

दादाही ओरडला, "सांगत नव्हतो? जागा बदला! मेलो असतो आज!"

तो वाद अजून मिटलेला नाही.

आई आणि वहिनी त्या दुपारी मुरबाडच्या बाजारात होत्या. आमचे मास्तर म्हणतात, "उन्हातान्हात कान वाजतात. ज्याचं ऐकावंसं वाटतं, त्याचाच आवाज येतो."

मानलं. पण तिघांचे कान एकाच क्षणी वाजले? आणि शब्दही तेच?