हातातल्या रक्तातून बाळाची खबर

रक्त काढलं माझं आणि तपासलं बाळाला! हेच मुळात माझ्या डोक्यात शिरेना. लोधीपुऱ्यातल्या शाळेत मी सायन्स शिकवते, तरी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळाचे बारीक बारीक अंश आईच्या रक्तात फिरत असतात. तुमचं वय जास्त आहे, बघून घेऊ." मी हात पुढे केला. नवरा म्हणाला, "बस, हो गया? चला मग."

रिपोर्ट आला तो जास्त धोक्याचा. बाळाच्या पेशींत एक गुणसूत्र जादा असावं, असा.

"असावं म्हणजे? आहे की नाही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"या टेस्टवरून पक्कं सांगता येत नाही. पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासलं तरच कळेल. आणि तसं निघालं, तर बाळ ठेवायचं की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवायचं."

घ्या! एवढं करून पदरात काय पडलं, तर 'असावं'. कुणावर चिडावं तेही कळेना. गाडीवर नवरा सारखा "टेन्शन मत ले" म्हणत होता आणि घराचं वळण त्यानंच चुकवलं.

निंबोल्याला जाऊन सासऱ्यांना सांगायची मला धास्ती होती. तिथे आमची केळी आहेत. पानावर व्हायरसचे पिवळे पट्टे दिसले, की बाकीच्या झाडांना लागू नये म्हणून सासरे ते झाड मुळासकट उपटतात. मग ते कितीही जोमानं वाढलेलं असो. त्यांचा हात कचरताना मी कधी पाहिला नाही.

नवऱ्यानं कसंबसं सगळं सांगितलं. सासरे माझ्याकडे वळले.

"सूनबाई, मला काही समजलं नाही. हा व्हायरस तुला लागतो का?"

"बाबा, व्हायरस नाहीच हा. बाळ तसंच घडलेलं असतं."

"मग घरात कोणाला लागतो?"

"नाही हो. कोणाचं कोणाला लागत नाही."

 सासरे म्हणाले, "मग उपटायचं कशाला?"

उपटायचा शब्द मी काढलाच नव्हता. मला भयंकर राग आला. माझं बाळ म्हणजे काय केळीचं झाड आहे? आणि त्याच रागात मला हुंदका फुटला. मोकळं वाटलं म्हणून की आणखी गोंधळले म्हणून, देव जाणे.

सुईच्या तपासणीला जायचं की नाही, हे त्या दिवशीही ठरलं नाही. पण परतताना गाडीवर मी पोटावर हात ठेवला. रिपोर्ट आल्यापासून ठेवलाच नव्हता.