गिझर गळणारी गाडी

"अहो मिस्त्री, आमचा गिझर परत गळायला लागलाय. आज बघता का?"

"मॅडम, राँग नंबर. प्लंबरला फोन लावा," माजिवड्याचा गॅरेजवाला म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

फोन स्पीकरवर होता, म्हणून मला हे ऐकायला मिळालं. आमच्या शेजारच्या वहिनी रेडिएटरला गिझर म्हणत. अडाणीपणाने नव्हे बरं का! बाथरूममधल्या गिझरसाठी ठेवलेले पैसे गाडीच्या रेडिएटरमध्ये गेले आणि त्या थंडीत घरातल्या सगळ्यांनी गॅसवर पाणी तापवून अंघोळी केल्या. तेव्हापासून रेडिएटरचं नाव गिझर. दोन हेडलाइट मिळून महाबळेश्वर, कारण ती सहल रद्द झाली. वायरिंग म्हणजे पैठणी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून नवरा हौसेने पैठणी घ्यायला निघाला, तर या म्हणाल्या, "त्यापेक्षा वायरिंग करून द्या." आता अशा बाईला तुम्ही काय म्हणाल? मी तर हात जोडले.

गाडी म्हणजे जुनी पद्मिनी. रंग दुधी, असं वहिनी सांगत. वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत ती टेम्पोवर बसून आली तेव्हा मला तरी नुसता गंजच दिसला. वहिनींच्या वडिलांनी आयुष्यभर एका शेठची हीच गाडी चालवली होती. शेठने नवी घेतली आणि जुनी यांना देऊन टाकली. पेट्रोल कुठलं परवडायला? ती ठाकुर्लीला चाळीमागे ताडपत्रीखाली पडून राहिली. पुढे वाटण्या झाल्या तेव्हा भावाने खोली घेतली आणि वहिनींनी गाडी मागितली.

"वहिनी, लोक भंगार बाहेर देतात, तुम्ही घरात आणलंत," मी म्हणालो.

एरवी त्यांनी माझी सालटी काढली असती. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "भाऊजी, बाबा या गाडीत एकदाही मागे बसले नाहीत. स्वतःची झाली तरी नाही. ड्रायव्हरने मागे बसायचं नसतं म्हणे. मला त्यांना मागे बसवून फिरवायचंय. डॉक्टर सांगतात, हृदय थकलंय. ते आहेत तोवर गाडी चालली पाहिजे, बस्स."

मग काय, झालं सुरू. नवरा देवमाणूस, रविवारची सुट्टी सँडपेपर घासण्यात घालवायचा. माझ्या वाट्याला खालून हाक यायची, "भाऊजी, जरा धक्का!" दोन वर्षं त्या गाडीचा सेल्फ-स्टार्टर म्हणजे माझी कंबर होती. जुने पार्ट आणायला वहिनी घरचा डबा घेऊन जात आणि भाजीवालीशी करावी तशी घासाघीस करत. एका दुकानदाराला सुनावताना मी स्वतः ऐकलंय त्यांना, "भाजीवाला कोथिंबीर तरी घालतो वर. तुम्ही निदान चार स्क्रू घाला!" त्याने घातले. न घालून सांगतो कोणाला!

एका संध्याकाळी मात्र खालून किंकाळी आली, "धावा! माझी पैठणी जळाली!"

अख्खी बिल्डिंग उतरली. पहिल्या मजल्यावरच्या काकू तर "अगं बाई, खऱ्या जरीची होती का गं?" म्हणत रडायच्या बेतात. मी बादली घेऊन धावलो. पाहतो तर बॉनेटमधून धूर येतोय आणि वहिनी आडव्या उभ्या. "पाणी ओतलंत तर याद राखा!" मग नवऱ्याने बॅटरीची वायर काढली, धूर थांबला, आणि या बाई मटकन कट्ट्यावर बसल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. बाबांना आदल्या दिवशीच ॲडमिट केलं होतं.

"आता नाही होत हो वेळेत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या वायरिंगसाठी मी माझे नव्या मोबाइलसाठी ठेवलेले पैसे पुढे केले. बरंच का-कू करून त्यांनी घेतले आणि त्या वायरिंगचं नाव ठेवलं 'भाऊजी'. "भाऊजी जळाले" ही हाक बिल्डिंगने ऐकू नये, म्हणून मी मिस्त्रीच्या डोक्यावर उभा राहून फ्यूज बसवून घेतले.

बाबांना हॉस्पिटलमधून थेट वहिनींकडेच आणलं. जरा बरं वाटल्यावर एका रविवारी सकाळी त्यांना हाताला धरून खाली उतरवलं. वाळलेला, ताठ म्हातारा. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. आणि सरळ मागे जाऊन दार उघडलं, दार धरून, किंचित वाकून बाजूला उभे राहिले. लेक बसायची वाट बघत.



"बाबा, तुम्ही बसायचं," वहिनी म्हणाल्या.

"मागं? खुळी का काय? मागं शेठ बसत्यात."

"आज तुम्हीच शेठ. बसा बघू, मला उशीर होतोय."

ते बसले, पण चपला बाहेर काढून. त्या मी उचलल्या आणि पुढे बसून मांडीवर घेतल्या. उपवन तलावापर्यंत बाबा सीटच्या कडेला टेकून लेकीच्या खांद्यावरून रस्ता बघत होते. "गिअर बदल. हॉर्न दे. ब्रेकवरचा पाय काढ." वहिनी मुकाट्याने ऐकत होत्या, गाडी बाबांनीच तर शिकवलेली.

तलावाला वळसा घातला आणि सूचना थांबल्या. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. "भाऊजी, बघा ना मागे," त्या कशाबशा म्हणाल्या.

मी वळलो. पाठ पूर्ण टेकून, तोंड उघडं टाकून, बाबा चक्क घोरत होते.

सोसायटीचं गेट आलं तसं मागे गेलं. आम्ही पुन्हा उपवनला. पुन्हा गेट. पुन्हा उपवन. रिक्षाचे पैसे वाचवायला माजिवड्याला चालत जाणारी ही बाई, आणि पेट्रोलचा काटा खाली खाली चाललेला. मला राहवेना.

"वहिनी, पेट्रोल संपेल हो."

"संपू दे," आरशात मागे बघत त्या हळूच म्हणाल्या, "बाबा गाडीत पहिल्यांदाच झोपलेत."