न्यायाधीशाला मी दिलेली पदवी

चाळीसेक वर्षांपूर्वी एका मराठी कोशासाठी मी अमेरिकेतल्या सुरुवातीच्या काळातल्या एका न्यायाधीशाची नोंद लिहिली. वीस ओळी, खाली माझं नाव. मी नुकतीच वकील झाले होते. भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत पाण्याच्या पिंपावरच माझी पदवी फ्रेम करून टांगली होती. कुणी पाणी मागितलं की ती दिसलीच पाहिजे! असल्या बाईला बिनपदवीचा न्यायाधीश सुचणार कसा? ‘कायद्याची पदवी संपादन करून’ असं खुशाल ठोकून दिलं. संदर्भाच्या पुस्तकात त्याच्या शिक्षणावर प्रकरण होतं. ते उघडायला बाईसाहेबांना वेळ कुठे होता?

आता कोश इंटरनेटवर जाणार म्हणून नोंद तपासायला आली, तेव्हा ते प्रकरण वाचलं. गृहस्थ कॉलेजात गेलेच नव्हते. एका वकिलाच्या कचेरीत वर्षानुवर्षं कागदांच्या नकला करत कायदा शिकले. पुढे घोड्यावरून गावोगाव फिरून, खानावळीत टेबल मांडून न्यायनिवाडा केला. त्यांची आयुष्याची कमाई हीच, आणि मी ती तीन-चार शब्दांत पुसून टाकली होती.

दुरुस्ती पाठवली. तरुण संपादकांचा फोन आला.

“मॅडम, मराठीत आणखी दोन ठिकाणी पदवीच दिलीय.”

त्यांनी पाठवलेली पानं उघडली. दोन्हीकडे माझंच वाक्य. ‘अत्यंत कुशाग्र बुद्धीचे’ हे माझं तेव्हाचं लाडकं विशेषणसुद्धा तसंच्या तसं.

“अहो, हे माझ्यावरूनच उतरवलंय!”

“म्हणजे मूळ आधार तुमचाच ना, मॅडम?”

दिंडोशीच्या कोर्टात मी भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडलाय. हा पंचविशीतला गडी मात्र साक्ष बदलायला तयार नाही. इंग्रजी पुस्तकातल्या पानांचे फोटो पाठवले. “मंडळापुढे ठेवतो,” म्हणाले.

नात वैतागली. “आजी, निदान तुझं नाव तरी काढायला सांग ना!”

“का गं? शहाणपणा कुणी केला ते लोकांना कळायला नको?”

परवा नोंद झळकली. पदवीसकट. खाली ‘चूक कळवा’ असं बटण आहे. मी ते दाबून सगळं पुन्हा सविस्तर लिहिलं. लगेच उत्तर आलं: ‘आपली सूचना मूळ लेखिकेकडे अभिप्रायासाठी पाठवली आहे.’

माझ्याकडे अजून काहीही आलेलं नाही.