मुक्ताची दोन क्रेडिट्स आणि मामांची खरी नक्कल

हैदराबादला लोक बिर्याणीसाठी जातात, मोत्यांसाठी जातात. मला आमच्या संस्थेने एक शंका घेऊन पाठवलं.

मी सोलापूरला कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. आमच्याकडे गेले वर्षभर एका योजनेची चर्चा चालली आहे. अकरावी-बारावीच्या मुलांनी शनिवारी पदवी कॉलेजात जाऊन एखादा विषय शिकायचा, परीक्षा द्यायची, आणि पास झालं की त्या विषयाची क्रेडिट्स मुलाच्या नावावर जमा. पुढे पदवीला गेल्यावर तो विषय पुन्हा करायचा नाही. ऐकायला छान. पण आमचे अध्यक्ष म्हणाले, "पोरं स्वतः करतील, की घरचे करून देतील? तुम्ही बघून या. तुम्ही हो म्हणालात तर जूनपासून सुरू, नाही म्हणालात तर विषय बंद." खरं सांगायचं तर माझंही मत नाहीकडेच झुकलेलं होतं.

हैदराबादला कोठीतल्या एका कॉलेजात हे सुरू आहे, आणि माझ्या मामेभावाची मुलगी मुक्ता त्यात शिकते. म्हणजे राहायची सोयही झाली. शुक्रवारी सकाळी साडेसहाची बस धरली.

तुम्हीही सोलापुराहून जाणार असाल तर ऐका. बसने सहा-सात तास लागतात. उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद असा सरळ रस्ता आहे आणि बहुतेक ठिकाणी तो चांगला आहे. हुमनाबादला बस थांबली की कंडक्टर "दहा मिनिटं" म्हणतो आणि पंचवीस मिनिटं थांबतो, त्यामुळे तोंड पोळून घेत चहा पिऊ नका. इडली खा, चटणी जपून. उजवीकडची खिडकी घेऊ नका. मी घेतली आणि झहीराबादपर्यंत अर्धी भाजून निघाले.

इमलीबनच्या स्टँडवर उतरले तेव्हा दीड वाजत आला होता. तिथून अंबरपेठला रिक्षा. मीटरची अपेक्षा ठेवू नका, बसायच्या आधी बोलून घ्या.

अंबरपेठेत माझे मामा राहतात. वसंतमामा, वय शहात्तर. घराणं तीन पिढ्या सरकारी नोकरीत, आणि मामांची सगळी नोकरी जुने कागद सांभाळण्यात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घर अजून ऑफिसाच्या शिस्तीत चालतं. गॅसच्या पावत्यांची फाईल वेगळी, मुक्ताच्या लसींची वेगळी. घराचा एक कायदा आहे: अस्सल कागद घराबाहेर जात नाही. बाहेर जाते ती नक्कल. अस्सल कपाटात, कपाटाची किल्ली मामांच्या जानव्याला.

रात्री मामींनी ज्वारीच्या भाकरी, खट्टी दाल आणि बगारे बैंगन केलं होतं. मुक्ताचे आईवडील एका लग्नाला पुण्याला गेले होते, त्यामुळे मुक्ताची सगळी जबाबदारी मामांवर होती आणि ते त्याच थाटात वावरत होते. भाकरी मोडता मोडता मुक्ता मला तिच्या विषयाबद्दल सांगत होती. विषय बाजाराच्या अभ्यासाचा. तिने बेगम बाजारात मिरचीच्या दुकानांसमोर दहा रविवार उभं राहून लोक मिरची कशी पारखतात ते टिपलं होतं.

"आत्या, कोणी मोडून बघतात, कोणी वास घेतात. एक आंटी तर चक्क चावून खायच्या! मी शिंका देऊन देऊन परेशान."

"आणि उद्या काय?"

"उद्या वही द्यायची, मॅडम तोंडी विचारणार. दोन वाजेपर्यंत मार्क चढवायचे आहेत त्यांना. वही नाही तर क्रेडिट नाही. आजोबांनी शिवून, कव्हर घालून ठेवली आहे. मस्त बांधली आहे, लाल फीत लावून."

मामा शांतपणे दाल वाढून घेत होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

शनिवारी सकाळी मी आणि मुक्ता कोठीला गेलो. कोठीत जाताना वेळ हातात ठेवा. पुस्तकांची दुकानं, दवाखाने, फुटपाथवर मांडलेली गाईडं आणि त्यातून माणसं, असं सगळं एकाच रस्त्यावर आहे. कॉलेजच्या वर्गात नऊ मुलं होती, आणि पद्मा मॅडम नावाच्या प्राध्यापक. मॅडम तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलत होत्या. मला मागच्या बाकावर बसवलं.

मुक्ताची पाळी दहा वाजता आली. तिने लाल फीत सोडली, कव्हर उघडलं, मिटलं, आणि पुन्हा उघडलं.

आत वही नव्हती. आत होते चाळीस स्वच्छ कागद. इंग्रजीत, मोत्यासारख्या वळणदार अक्षरांत, डावीकडे चार बोटं समास सोडून. प्रत्येक पानाखाली शेरा, 'खरी नक्कल', आणि मामांची सही. झेरॉक्सची शाई उडते म्हणून मामांनी पाच दिवस बसून अख्खी वही हाताने उतरवून काढली होती. अस्सल कपाटात.

मॅडमनी चार पानं उलटली. "हे कोणी लिहिलं?"

"आजोबांनी. पण मॅडम, काम माझं आहे. त्यांनी फक्त कॉपी केलं."

हे वाक्य ती बोलली आणि तिच्याच लक्षात आलं की ते किती वाईट ऐकू येतंय. मागून कोणीतरी हसलं. मॅडम कठोर नव्हत्या, पण त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. गेल्या वेळी एका मुलाच्या वडिलांनीच सगळं करून दिल्याचं उघड झालं होतं, तेव्हापासून त्या मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली मूळ वही मागतात. "एक वाजेपर्यंत वही आण. नाहीतर मी मार्क देऊ शकत नाही."

मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात अहवाल लिहून टाकला होता. अध्यक्षांची शंका खरी, विषय बंद. पण मुक्ता डोळे पुसायचंही विसरून मामांना फोन लावत होती, आणि ते पाहून मी उठले.

मामा फोन उचलेनात. मामींनी उचलला. मामा मोबाईल हरवू नये म्हणून तो घरीच ठेवून बाहेर पडतात. "ते बेगम बाजारला गेलेत गं, मिरची आणायला. किल्ली त्यांच्याकडेच."

मुक्ताला तिथेच थांबवून मी रिक्षा केली. बेगम बाजाराच्या तोंडाशी रिक्षावाल्याने हात वर केले. "आगे गाडी नै जाती अम्मा, उतर के चलते जाओ. नाक पकड के."

बेगम बाजार बघायचाच असेल तर सवडीने बघा आणि रुमाल जवळ ठेवा. पितळी भांडी, सुकामेवा, पोत्यांच्या थप्प्या, आणि मिरचीच्या गल्लीत शिरलात की दुसरं काही सुचत नाही. मी अकरा वेळा शिंकले. बाराव्या शिंकेला मामा सापडले. एका दुकानात स्टुलावर बसून चहा पीत दुकानदाराला त्याच्या मुलीच्या सासरचं विचारत होते. मिरची मागे कधीच बांधून तयार होती.

मी जमेल तसं सगळं सांगितलं. मामांनी कप खाली ठेवला. "म्हणजे नक्कल नामंजूर?"

"मामा, त्यांना वाटतंय तिचं काम तुम्ही केलंय."

हे मात्र त्यांना लागलं. ते तसेच उठले आणि रिक्षाकडे निघाले. अंबरपेठला जाऊन कपाट उघडलं, वही काढली, आणि माझ्या हातात न देता स्वतःच रिक्षात बसले. कोठीला पोचलो तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती.

वही कळकट होती. तिखटाचे डाग, चहाचा गोल, घाईतली तिरकी अक्षरं, मधेच दुकानदारांच्या तेलुगू आणि उर्दू सह्या. मॅडमनी ती नकलेशेजारी ठेवून पानं ताडायला घेतली. एका ठिकाणी त्या थांबल्या.

"वहीत एकेचाळीस पानं आहेत. नकलेत चाळीस. एकतिसावं पान कुठे आहे?"

मुक्ताने आजोबांकडे पाहिलं. मामांनी टोपी काढून हातात घेतली. आयुष्यभर ज्यांनी कागदावरची एक मात्रा इकडची तिकडे केली नाही, ते म्हणाले, "ते पान मी गाळलं. खरी नक्कल असं लिहून सही केली, ते खोटं झालं. चूक माझी आहे. पोरीची नाही."

मॅडमनी ते पान मोठ्याने वाचलं. मी मराठीत सांगते:

'ग्राहक क्रमांक सत्तावीस. वय शहात्तर. माझे आजोबा. मिरची बघत नाहीत, मोडत नाहीत, वास घेत नाहीत. दुकानदाराशी वीस मिनिटं घरच्या गोष्टी बोलतात आणि तो देईल ती घेतात. घरी येऊन आजीला सांगतात, चार दुकानं फिरून पारखून आणली. मिरची दरवेळी चांगली निघते. म्हणजे काही लोक मिरची नाही, माणूस पारखतात.'

वर्ग हसला. मॅडम हसल्या. मामाही हसले असते, पण हळूच मला म्हणाले, "चाळीस वर्षं हे असंच चाललंय. तुझ्या मामीला कळलं तर?"

"हे पान कोणते आजोबा स्वतः लिहून देतील?" मॅडम म्हणाल्या, आणि वही ठेवून घेत मुक्ताला समोर बसवलं. पुढची वीस मिनिटं ती न अडखळता बोलली. दोन क्रेडिट्स मिळाली.

संध्याकाळी मुक्तानेच मामींना सगळं सांगून टाकलं. मामी भाजी निवडत म्हणाल्या, "मला माहीत आहे की. तो दुकानदार मीच ठरवून दिलाय."

रविवारच्या बसने परत आले, या वेळी सावलीच्या बाजूच्या खिडकीत. सोमवारी अध्यक्षांनी विचारलं, "काय मग? घरचे करून देतात ना?"

"देतात," मी म्हटलं, "आणि तरीही सुरू करू." मग फोनमध्ये काढून आणलेला एकतिसाव्या पानाचा फोटो वाचून दाखवला. अध्यक्ष बराच वेळ हसले आणि म्हणाले, शनिवारचे वर्ग तुम्हीच घ्या.

घरी आल्यावर मात्र मला हसू आलं नाही. बावीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासते आहे. मागणी, पुरवठा, बाजाराचे प्रकार, सगळ्यांची उत्तरं सारखी, आणि सारखी आहेत म्हणून मी पूर्ण गुण देत आले. तुला बाजारात काय दिसलं, हे मी एकाही मुलाला विचारलं नाही. याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

जूनमध्ये पहिल्या तुकडीला बारा मुलं आहेत. त्यांना काय विचारायचं ते मी एका कागदावर लिहायला बसले आहे, आणि दोन तासांत एकच प्रश्न झाला आहे.